रिकामी टोनर कार्ट्रिज विकून शाळेला मदत - कोणी केलंय का?

ओसरी
१४ जुलै, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात आहे. चार लेझर प्रिंटर आहेत आणि जुलैपासून दिवाळीपर्यंत ऑडिट-रिटर्नच्या धबडग्यात टोनर (छपाईची काळी पावडर) कुठे जातो ते कळत नाही. रिकामं कार्ट्रिज फेकायला सरांचा जीव होत नाही (सरांचा जीव रबरबँड फेकायलाही होत नाही), त्यामुळे गेली पाच-सहा वर्षं ती माळ्यावर सिमेंटच्या दोन पोत्यांत साठत गेली. परवा रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा मोजली, ४३ निघाली.

आम्ही ऑफिसातले लोक दर जूनमधे पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत वह्या घेऊन जातो. माझी इंग्लंडमधली मामेबहीण म्हणाली की तिकडे रिकामी कार्ट्रिज चॅरिटीला देतात आणि चॅरिटीला त्याचे पैसे मिळतात. तर म्हटलं आपल्याकडे असं काही होतं का? विकून येतील ते पैसे शाळेला द्यायचेत. कोणाला विकायची, भाव काय, फसवतात का, काहीही माहिती असेल तर लिहा.

ता.क. एक पोतं जिन्यात फाटलं. काळी पावडर तीन पायऱ्या. मी शहाणपणा करून झाडूने झाडली, मग ओल्या फडक्याने पुसली, मग घरी जाऊन ड्रेस गरम पाण्यात भिजवला. ड्रेस आता ऑफिसात फडकं म्हणून आहे.

बिनसाखर
१४ जुलै, रात्री १०:१५

भंगारवाल्याला द्या आणि मोकळ्या व्हा. ४३ कार्ट्रिजचे असे किती येणार आहेत? वडापाव-चहाचे पैसे. त्यासाठी फोन, रिक्षा, आठ दिवस डोक्याला ताप. त्यापेक्षा ऑफिसातल्या दहा जणांनी दोनदोनशे काढा, शाळेला जास्त मिळतील. कडू आहे पण खरं आहे.

निवांत नाना
१५ जुलै, सकाळी ६:३०

गरम पाण्याचं वाचून हसलो, मग वाईट वाटलं. अगं ती पावडर म्हणजे प्लास्टिकच असतं. प्रिंटरमधे तापलेल्या रोलरखाली वितळून कागदाला चिकटते म्हणून तर अक्षर पुसत नाही. तू तेच कापडावर केलंस. आधी कोरडंच झटकायचं, मग थंड पाणी.

आमच्या वेळी डॉट मॅट्रिक्सची रिबिन असायची. फिकी झाली की शाई लावून देणारा माणूस बँकेत महिन्यातून एकदा यायचा, त्याची बोटं कायम निळी. त्याआधी सायक्लोस्टाइल. परीक्षेचे पेपर स्टेन्सिलवर कापायचे आणि रोलर फिरवायचा, शिपाई आणि हेडमास्तर दोघांच्या सदऱ्याला सारखाच डाग. असो, अवांतर झालं. चालू द्या.

हेमांगी_लेस्टर
१५ जुलै, दुपारी १:०५

मी यूकेत आहे, इकडचं सांगते. मुलाच्या शाळेत ऑफिसबाहेर एक खोका आहे, लोक इंकजेटची छोटी कार्ट्रिज त्यात टाकतात. हॉस्पिसवाले (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारे), प्राण्यांच्या संस्था वगैरे टपालखर्च भरलेली पाकिटंही देतात, घरून कार्ट्रिज घालायचं आणि पोस्टाच्या लाल डब्यात टाकायचं. ती जातात एका रिसायकलिंग कंपनीकडे, कंपनी मोजून संस्थेला पैसे देते.

पण सगळी घेत नाहीत हो, यादी असते. मी पहिल्यांदा एप्सन आणि ब्रदरची डझनभर गोळा करून नेली तर ती बाई म्हणाली ही नकोत. मला वाटलं ब्रँडचं काही भांडण असेल. तर कारण असं की एचपी आणि कॅननच्या बऱ्याच छोट्या कार्ट्रिजमधे शाई सोडणारं डोकं, म्हणजे प्रिंटहेड, कार्ट्रिजलाच असतं, महाग भाग तो, म्हणून साफ करून परत भरून विकता येतं. एप्सन-ब्रदरमधे डोकं प्रिंटरमधेच असतं, कार्ट्रिज म्हणजे नुसती प्लास्टिकची डबी. डबीला कोण पैसे देणार.

आणि बिनसाखर म्हणतात ते काही अंशी खरं आहे, एकेकाला पैसे थोडेच मिळतात. पण शाळेच्या खोक्यात वर्षभर टाकत राहिलं की जमतं, आणि कोणाला खिशात हात घालावा लागत नाही.

पावडरवाला
१५ जुलै, रात्री ११:४०

ओसरी ताई, मी इचलकरंजीत १४ वर्षं रिफिलिंगचं, म्हणजे रिकामी कार्ट्रिज परत भरून द्यायचं काम कराय लागलोय. लांबलचक लिहितोय, मोबाईलवरनं टाईप कराय लागलोय, चुका पोटात घाला.

आधी तुमच्या पोत्यातली वेगळी करा. पोत्यात १२ए आणि ८८ए नंबरची जास्त असणार, सीए आणि वकिलाकडं तीच असतात. १२ए म्हणजे एचपी १०१०, १०२० प्रिंटरला लागतं ते, आणि कॅननच्या एलबीपी २९०० प्रिंटरला जे ३०३ नंबरचं लागतं ते आतनं तेच की, एकाचं दुसऱ्यात बसतंय. नवीन असताना कंपनी २००० पानं सांगते, पण पानावर ५ टक्के काळं धरून. तुमच्या बॅलन्सशीटला चौकटी आणि रेघा, तेवढी निघणार न्हाईत.

आता भाव कशाला असतोय ते सांगतो. आमच्या धंद्यात 'व्हर्जिन' म्हणतात, म्हणजे कंपनीचंच ओरिजिनल आणि एकदाही न उघडलेलं. त्यालाच खरी किंमत. एकदा भरलेलं किंवा कंपॅटिबल, म्हणजे लोकल बॉडीचं, त्याला भंगाराचा भाव. ओळखायचं कसं? दोन्ही बाजूला लोखंडी पिना असतात त्या बघा. पिनेभोवती प्लास्टिक ओरबाडलेलं दिसलं, स्क्रूच्या खाचा झिजलेल्या दिसल्या की समजायचं आमच्यासारख्या कुणीतरी हात घातलाय. वरचं स्टिकर उचकटून परत चिकटवलेलं असतंय तेपण.

आत काय असतं तेपण सांगतो म्हणजे पोत्यात का ठेवायचं नसतं ते कळंल. पिना काढल्या की दोन भाग होतात. एका भागात पावडर आणि मॅग्नेट रोलर. दुसऱ्या भागात ड्रम, त्याच्यावर चार्जिंगचा काळा रबरी रोलर, आणि ड्रम पुसणारं वायपर ब्लेड. ड्रम म्हणजे हिरवट निळी चकचकीत नळी, मोरपिसाच्या रंगाची. तिच्यावर नख लागलं तरी पानावर डाग येतोय, उजेडात ठेवली तर खराब होते. म्हणून मी खोलली की आधी ड्रम काळ्या कापडात गुंडाळतो. पुसलेली वाया गेलेली पावडर ड्रमच्या मागच्या खणात साठते, ती फेकायची असते, पण काही लोक तीच परत भरतात. त्यात कागदाची धूळ असती. पान करडं येतंय ते त्याच्यामुळं.

तर ताई तुमच्या पोत्यात एकावर एक आपटून ड्रमवर चरे पडलेले असणार. पुढच्या वेळेपासनं नवीन ज्या काळ्या पिशवीतनं येतंय त्याच पिशवीत रिकामं घालून ठेवा.

बिनसाखर
१६ जुलै, सकाळी ८:२०

पावडरवाला, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली). माझा मुद्दा तसाच आहे पण पोस्ट भारी.

चकवा
१६ जुलै, सकाळी ११:११

एक धोक्याची सूचना देतो. रिकाम्या ओरिजिनल कार्ट्रिजला भाव येतो तो काही सगळा प्रामाणिक रिफिलिंगमुळे नाही. मी गेल्या वर्षी ऑफिससाठी 'ओरिजिनल' घेतलं, खोकं सीलबंद, होलोग्रामसकट, बाजारभावापेक्षा जरा स्वस्त. तिसऱ्या दिवशी पानाच्या मागच्या बाजूला काळं, प्रिंटरच्या पोटात पावडर सांडलेली. मेकॅनिकने पाहून सांगितलं, बॉडी खरी, आतला माल खोटा. म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावरचं रिकामं कार्ट्रिज कोणीतरी घेतलं, स्वस्तातली पावडर कोंबली आणि नव्या खोक्यात घालून मला विकलं. मी दुकानात भांडायला गेलो तर बिलच नव्हतं माझ्याकडे. चूक माझीच.

त्यामुळे पुण्यकर्म करताना आपण कोणाच्या पदरात माल टाकतोय ते बघा.

पावडरवाला
१६ जुलै, दुपारी १२:०२

चकवा, एकदम बरोबर. ताई, एकच खूण लक्षात ठेवा. घेणारा जर म्हणाला की "रिकामे बॉक्स असतील तर जास्त देतो", तर उठून चालाय लागायचं. रिफिल करणाऱ्याला कंपनीचा बॉक्स कशाला पायजे? काय विषय हाय तो? बॉक्स नेहमी फाडूनच टाकायचा, आणि बॉडीवर परमनंट मार्करनं मोठी फुली मारायची. फुली मारल्यावर पण जो घेतो तो भरून भरलेलं म्हणूनच विकणारा.

तळटीप
१६ जुलै, संध्याकाळी ७:३३

कायद्याचं थोडं. प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिज दोन्ही आपल्याकडे ई-कचऱ्याच्या यादीत आहेत, २०११ च्या नियमांपासून. सध्या लागू आहेत ते २०२२ चे नियम, १ एप्रिल २०२३ पासून. त्यात मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीही यादीतली उपकरणं १००० नग वापरणारी संस्था, तिने नोंदणी असलेल्यांकडेच माल द्यायचा. सीएंचं ऑफिस त्यात बसणार नाही, पण म्हणून ओल्या कचऱ्यात टाकायचं असंही नाही.

कंपन्यांची परत घेण्याची सोयही आहे. एचपीची प्लॅनेट पार्टनर्स ही योजना १९९१ पासून आहे, भारतातही आहे. पण तिथे दिलेलं कार्ट्रिज परत भरून विकत नाहीत, तोडून त्याचं प्लास्टिक-धातू वापरतात, आणि तुम्हाला पैसे मिळत नाहीत. म्हणजे चकवा यांची भीती दूर, पण शाळेचा खिसा रिकामाच.

अजून एक, सीएंच्या ऑफिसातल्या माणसाला मी काय सांगणार, पण वस्तू दान केली तर देणगीवरची करसवलत (८०जी) नाही मिळत, आणि रोख २००० च्या वर दिली तरी नाही. सरांना आधीच सांगून ठेवा.

ओसरी
१६ जुलै, रात्री ९:१०

तळटीप, सरांना ते झोपेत माहीत आहे :)

यारानदी
१७ जुलै, पहाटे ५:१२

मेलबर्नहून. इकडे प्लॅनेट आर्क म्हणून पर्यावरणाचं काम करणारी ना-नफा संस्था आहे, त्यांचे कार्ट्रिजचे डबे २००३ पासून आहेत. ऑफिसवर्क्स या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन टाकायचं. खर्च प्रिंटर कंपन्या उचलतात. ग्राहकाला पैसे वगैरे काही नाही.

पण मजा पुढे आहे. डब्यातला माल जातो क्लोज द लूप नावाच्या कंपनीकडे आणि उरलेली पावडर जाते डांबरात! नाना म्हणाले तसं ती प्लास्टिकच, त्यामुळे गरम डांबरात मस्त मिसळते. २०१८ च्या मे महिन्यात इथे क्रेगीबर्नला रेफील्ड ॲव्हेन्यूवर असा रस्ता केला, ४५०० च्या वर कार्ट्रिजमधलं टोनर, सुमारे २ लाख प्लास्टिक पिशव्या-वेष्टनं आणि ६३,००० बाटल्यांएवढी काच, सगळं मिळून २५० टन डांबरी मिश्रण. मी मुद्दाम गाडी तिकडून नेली. दिसायला साधा रस्ता आहे, बायको म्हणाली हे बघायला आणलंस?

बिनसाखर
१७ जुलै, सकाळी ९:००

आमच्याकडच्या रस्त्यात काय काय मिसळतात त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

पेठकरीण
१७ जुलै, सकाळी १०:४५

पुण्यात असाल तर स्वच्छ सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई ठरल्या दिवशी ई-कचरा, जुने कपडे वगैरे उचलतात. १९९३ मधे उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, त्यातूनच निघालेली ही संस्था. तिथे तुमचा भंगार माल म्हणजे त्यांच्या सभासदांची कमाई. चॅरिटी हा शब्द त्यांना आवडणार नाही, आणि बरोबरच आहे. पूर्णम इकोव्हिजनवालेही ई-कचरा गोळा करतात आणि चालू होण्यासारखे संगणक दुरुस्त करून शाळांना देतात. नाशिकचं मला माहीत नाही.

ओसरी
२३ जुलै, रात्री १०:३०

अपडेट. रविवारी गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून, नाकाला ओढणी बांधून, सगळी मांडली. १७ निघाली १२ए, १४ निघाली ८८ए, बाकीची १२ लोकल बॉडीची आणि इंकजेटची. मग पावडरवाला यांनी सांगितलं तसं पिनांभोवती बघत बसले. मुलगी टॉर्च धरून होती. एकतीसपैकी व्हर्जिन वाटली फक्त १४. म्हणजे ऑफिसला वर्षानुवर्षं रिफिल केलेली येत होती आणि बिलं बघून आम्हाला वाटत होतं नवीन येतात! सरांना अजून सांगितलेलं नाही.

मग दोन ठिकाणी फोन केला. पहिला म्हणाला १२ए ला ६० रुपये, आणि पुढचं वाक्य, शप्पथ सांगते, "मॅडम बॉक्स पण असतील तर ९० करू." मी फोन ठेवला. पाच मिनिटं हसत होते. दुसऱ्याने बॉक्स नाही मागितले, पण ४० म्हणाला.

१४ गुणिले ४०. बिनसाखर, तुम्ही जिंकलात.

बिनसाखर
२३ जुलै, रात्री १०:४१

५६०. जिंकल्याचा आनंद झाला नाही.

पावडरवाला
२३ जुलै, रात्री ११:२०

ताई एक विचारतो. शाळेत प्रिंटर हाय का? असला तर कुठला?

ओसरी
२५ जुलै, संध्याकाळी ६:०५

हेडसरांना आज फोन लागला (तिकडे रेंज म्हणजे पिंपळाखाली उभं राहिलं तर). प्रिंटर आहे! कोणीतरी तीन वर्षांपूर्वी दिलाय, कॅनन, नंबर वाचून दाखवा म्हटलं तर एलबीपी २९००. गेल्या दिवाळीपासून झाकून ठेवलाय कारण कार्ट्रिज संपलं आणि नवीन घ्यायला खर्चाचं शीर्षक नाही. पेपर सर हाताने लिहितात आणि एक शिक्षक एसटीने पेठला जाऊन झेरॉक्स काढून आणतात. सत्र परीक्षेला सगळ्या वर्गांचे मिळून पूर्ण एक दिवस जातो.

आणि आमच्या गच्चीवर सतरा १२ए पडलेली.

पावडरवाला
२५ जुलै, रात्री ९:५०

मग विकताय कशाला? त्यातली आठ चांगली निवडून मला पाठवा. व्हर्जिनच घ्या, ड्रम एकदाच वापरलेला असतोय त्यात, अजून चालतोय. पावडर माझी. १२ए ला कार्ट्रिज ओळखणारी चिप नसते, म्हणून भरलेलं मुकाट्यानं चालतं, नव्या मॉडेलात चिपनं डोकं खाल्लं असतं. एका शाळेला आठ म्हणजे दोनतीन वर्षं बघायला नको. संपलं की तेच परत पाठवायचं, मी भरून देतो. फक्त पार्सलचं तुम्ही बघा. एकेक काळ्या पिशवीत घालून मग वर्तमानपत्रात गुंडाळा, सिमेंटचं पोतं नको.

हेमांगी_लेस्टर
२५ जुलै, रात्री १०:२२

पावडरवाला दादा, पावडरचे पैसे मी देते. नाही म्हणू नका.

पावडरवाला
२५ जुलै, रात्री १०:४०

न्हाई म्हणतोय.

निवांत नाना
२६ जुलै, सकाळी ६:१५

पार्सलचा खर्च माझ्याकडे लागला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि ओसरी, ८८ए वाल्यांचं काय केलंस ते पण लिही, लोक पुढे शोधत येतील.

ओसरी
२ ऑगस्ट, रात्री ८:४८

८८ए आणि उरलेली बरी १२ए त्या चाळीसवाल्याला दिली, फुल्या मारून. तो फुल्या बघून काही बोलला नाही, हेच बरं लक्षण म्हणायचं. लोकल आणि इंकजेट कंपनीच्या नाही तर ई-कचऱ्याच्या संकलनात देणार आहे, ती अजून माळ्यावर आहेत (पोत्यात नाहीत!). आलेल्या पैशातून कागदाची दोन रिमं घेतली, बाकीचे सरांनी घातले. हो, सरांनी. मी त्यांना रिफिलच्या बिलांचं त्याच दिवशी सांगितलं, रागाच्या भरात काहीतरी करायला हवं होतं त्यांना.

ओसरी
९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. सत्र परीक्षेचे पेपर शाळेतच छापले. हेडसरांनी पाचवीच्या गणिताच्या पेपरचा फोटो पाठवलाय. अक्षर ठसठशीत आहे पण उजव्या बाजूला एकाखाली एक काळे ठिपके येतायत. पावडरवाला दादा, आहात का?

पावडरवाला
९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

हाय हाय. पट्टी लावून दोन ठिपक्यातलं अंतर मोजाय सांगा सरास्नी.

ओसरी
१० ऑक्टोबर, दुपारी १२:२०

साडेसात सेंटिमीटर. प्रत्येक वेळी तेवढंच.

पावडरवाला
१० ऑक्टोबर, दुपारी १२:३१

मग ड्रमवर टोचा बसलाय. ड्रमचा एक फेरा तेवढाच असतोय. पोत्यातला मार हाय ताई तो. दुसरं कार्ट्रिज लावाय सांगा आणि हे मला पाठवून द्या, ड्रम बदलून देतो. तोपर्यंत सरास्नी म्हणावं ठिपक्याला कोणी दशांशचिन्ह समजू नये एवढं बघा.